दुकानातली बाटली

वाइन चाखण्याचं माझं काम सकाळी अकराला सुरू होतं. नाश्ता होऊन दीड-दोन तास उलटलेले असतात, पोट जड नसतं आणि जीभ दिवसभरात सर्वांत जागी असते. चाखायच्या दिवशी अत्तर लावायचं नाही, देवघरात उदबत्ती लावायची नाही, स्वयंपाकघरातली फोडणी दुपारपर्यंत थांबवायची. टेबलावर पांढरं कापड, पाण्याचा तांब्या, बिनलोण्याचा पाव, थुंकण्यासाठी स्टीलचं भांडं आणि तोंडाशी निमुळते होत गेलेले ग्लास. बाटल्या आदल्या रात्रीच कापडी पिशव्यांत घालून, गळ्याला क्रमांक बांधून ठेवलेल्या असतात. कोणत्या पिशवीत काय आहे हे फक्त माझ्या सहकारी मुलीला माहीत असतं आणि चाखणं संपेपर्यंत ती खोलीत येत नाही.

पिशव्यांतल्या काही बाटल्या वायनऱ्यांनी नमुना म्हणून पाठवलेल्या असतात. बाकीच्या मी पैसे मोजून दुकानांतून आणवते: नाशिक, पुणे, ठाणे, कधी कोल्हापूर. जमेल तेव्हा तीच वाइन, त्याच बॅचची, दोन्ही वाटांनी आलेली. हा खटाटोप मी अनेक वर्षं करते आहे आणि त्यातून पक्कं झालेलं एक मत मला इथे मांडायचं आहे. महाराष्ट्रातली वाइन बागेत बिघडत नाही, वायनरीतही आता फारशी बिघडत नाही. ती बिघडते वायनरीच्या फाटकापासून तुमच्या ग्लासापर्यंतच्या वाटेवर. वाइनवर लिहिणाऱ्या बहुतेकांना हे दिसत नाही, कारण त्यांच्या घरी बाटली थेट वायनरीतून आलेली असते.

आधी चाखण्याविषयी. ग्लास पांढऱ्या कापडावर तिरपा धरला की कडेचा रंग दिसतो. ताज्या शेनिन ब्लांक या पांढऱ्या वाइनला कडेशी हिरवट झाक असते. वाइन थकलेली असेल तर तीच कड पिवळट-तपकिरी होते. मग ग्लास न हलवता एक वास, हलवून दुसरा. घोट तोंडात घेऊन थोडी हवा आत ओढायची. आंबटपणाने तोंडाला पाणी सुटतं का, टॅनिन हिरड्या किती आवळतं, मद्यार्काची जळजळ घशाशी जाणवते का आणि थुंकल्यावर चव किती वेळ मागे राहते, एवढं टिपायचं. थुंकणं टाळता येत नाही. न थुंकता पंधरा-वीस वाइन चाखायला बसलेला माणूस पाचवीनंतर चाखत नसतो, पीत असतो.

दोष ओळखणं हा या कामाचा मोठा भाग आहे. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच बाधलेलं असतं. ट्रायक्लोरोअॅनिसोल नावाचं जे रसायन त्यामागे आहे, ते लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. आपल्याकडच्या बहुतेक वाइनना फिरकीचं झाकण आल्यापासून हा दोष क्वचित भेटतो. नेलपॉलिशचा वास म्हणजे वाइन व्हिनेगरच्या दिशेने निघाली आहे. सडक्या अंड्याचा वास बहुधा आंबवणीत यीस्टला पुरेसं पोषण न मिळाल्याचं सांगतो. वीस वर्षांपूर्वी नाशिकच्या वाइनमध्ये हे सगळे वास मिळायचे. आज बऱ्या वायनरीच्या ताज्या बाटलीत ते शोधावे लागतात, आणि याचं श्रेय इथल्या वाइनमेकर मंडळींना मोकळ्या मनाने दिलं पाहिजे.

प्रत्येक बैठकीत एक वाइन दोन वेगळ्या पिशव्यांतून दोनदा समोर येते. कोणती, ते मला ठाऊक नसतं. दोन्ही वेळचं टिपण जुळलं नाही तर त्या दिवसाचं सगळं टिपण रद्द. ही युक्ती मी रॉबर्ट हॉजसन यांच्याकडून घेतली. हॉजसन हे कॅलिफोर्नियातले निवृत्त प्राध्यापक आणि छोटे वाइन उत्पादक. कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या स्पर्धेत त्यांनी परीक्षकांपुढे एकाच बाटलीतली वाइन वेगवेगळ्या क्रमांकांनी तीनदा ठेवली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात जेमतेम दहा टक्के परीक्षकांना आपलाच निकाल त्याच पदकाच्या गटात पुन्हा देता आला होता. त्याआधी, २००१ साली, बोर्दोच्या संशोधकांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन बेचव लाल रंग घालून दिली, तेव्हा त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनला लावायच्या शब्दांत केलं.

हे अभ्यास पुढे करून वाइनची समीक्षा म्हणजे थोतांड आहे असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. डोळे नाकाला फसवतात म्हणून पिशव्या लागतात आणि स्मरण दगा देतं म्हणून वाइन दोनदा ठेवावी लागते. शिस्त पाळली तर शेनिनमधला ताजेपणा आणि थकवा यांतला फरक दर वेळी सापडतो. सापडत नाही ती ९० आणि ९१ गुणांमधली रेघ.

शंभरपैकी गुण देण्याची पद्धत रुजवली मेरीलँडच्या रॉबर्ट पार्कर यांनी. पेशाने वकील असलेल्या या माणसाने १९७८ साली स्वतःचं वार्तापत्र काढलं, जाहिराती घेतल्या नाहीत, १९८२ च्या बोर्दो हंगामाला इतर जाणकार कचरत असताना उचलून धरलं आणि ग्राहकाची बाजू घेणारा समीक्षक म्हणून जगभर नाव कमावलं. त्यांच्या स्वतंत्र बाण्याविषयी मला आदर आहे. पण त्यांच्यामागून आलेल्यांनी बाणा सोडला आणि आकडा तेवढा ठेवला. मी गुण देत नाही. वाइन कुठे विकत घेतली, बाटली कधी भरली होती, कोणत्या तापमानाला प्यावी, किती दिवसांत संपवावी आणि पैसे वसूल होतात का, इतकं लिहिते. आकड्यात बाटलीचा प्रवास मावत नाही.

फेब्रुवारीत, तोडणीच्या दिवसांत, दिंडोरी तालुक्यातल्या एका बागेत गेले होते. बागेचे मालक साठीच्या पुढचे. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं. अर्ध्या बागेत खाण्याची थॉमसन, अर्ध्या बागेत वाइनची शिराझ. दोन्हींमधून फिरताना नाना मणी दाबून दाखवत होते.

"खायच्या द्राक्षाला मणी मोठा पाहिजे, साल पातळ पाहिजे. त्याच्यासाठी थिनिंग करा, जीए संजीवकात डिपिंग करा, मजुरी लावा. व्यापारी येतो, नुसत्या नजरेनं भाव करतो, आणि पैसे कधी देईल ते देवाला ठाऊक. या शिराझला ते काही नको. पण मणी बारका, आत बी. बाजारात नेली तर कुणी तोंडात घालणार नाही. एकच गिऱ्हाईक. त्यानं हात वर केले की संपलं, ताई."

त्यांनी ते भोगलं आहे. २००८ च्या मंदीत आणि मुंबईवरच्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर पर्यटन आणि हॉटेलं थंडावली, वाइनचा खप पडला, टाक्या भरलेल्याच राहिल्या. पुढच्या हंगामात अनेक वायनऱ्यांनी माल उचलला नाही. नानांनी त्या वेळची शिराझ मुळासकट काढली आणि त्या जागी पुन्हा थॉमसन लावली. काही वर्षांनी दुसऱ्या एका वायनरीशी लेखी करार झाला, ब्रिक्सप्रमाणे, म्हणजे द्राक्षातल्या साखरेच्या मापाप्रमाणे, दर ठरला, तेव्हा कुठे ते वाइनच्या द्राक्षाकडे परतले.

आपल्या वेलींचं जीवनच युरोपातल्या वेलींहून निराळं आहे. तिथली वेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे तिला झोप नाही, म्हणून कात्रीने तिचं वर्ष आखून द्यावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी. तिच्यातून पुढच्या घडांच्या काड्या तयार होतात. पावसाळा पानांवर काढायचा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात डावणीचा रोग आला, ढगाळ थंडीत भुरी आली की शेतकऱ्याची रात्र फवारणीच्या पंपाशी जाते. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास. दिवसा स्वच्छ ऊन आणि जानेवारीच्या रात्री निफाडचा पारा दहाच्या खाली. द्राक्षातला आंबटपणा टिकतो तो या गार रात्रींमुळे. मार्चमध्ये उलटं होतं: साखर भराभर चढते, आम्लता कोसळते, आणि तोडणी चार दिवस लांबली तरी पांढऱ्या वाइनमधली धार जाते. म्हणून मजूर बायका पहाटे दिव्यांच्या उजेडात घड तोडतात आणि ऊन तापायच्या आत क्रेट वायनरीत पोचतात.

नानांनी स्वतःच्या द्राक्षांची वाइन कधी चाखलेली नाही. गळ्यात तुळशीची माळ आहे. निघताना त्यांनी विचारलं, "चांगली निघती का हो ताई, आपल्या मालाची?"

"वायनरीत फार चांगली निघते, नाना," मी म्हणाले. पुढचं त्यांना सांगणं मला जमलं नाही, कारण त्यात त्यांच्या हातात काहीच नव्हतं.

महाराष्ट्रातल्या वाइनचा इतिहास छोटा पण धडपडीचा आहे. ऐंशीच्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला इंडेज ही वायनरी उभी केली, फ्रेंच तंत्रज्ञ आणले आणि 'ओमर खय्याम' नावाची फेसाळ वाइन परदेशी बाजारात नेली. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून नाशिकला आले, गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर सोव्हिन्यो ब्लांक आणि शेनिन ब्लांक लावली, आणि २००० साली त्यांच्या सुला वायनरीची पहिली वाइन बाजारात आली. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, इथल्या द्राक्षांच्या वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली. विंचूर आणि पलूस इथे वाइन पार्क झाले. अकलूजच्या माळरानावर मोहिते-पाटील कुटुंब आणि इटालियन भागीदारांनी फ्रातेल्ली उभारली आणि तिथे सांजोव्हेझी वाढवली, जी माझ्या मते आपल्या मातीत सर्वांत मोकळेपणाने रुळलेल्या लाल जातींपैकी एक आहे.

थोडी मतंही नोंदवते. नाशिकची शेनिन आपल्याकडची सर्वांत भरवशाची पांढरी वाइन आहे, पण बाजाराला गोड चव आवडते म्हणून तिच्यात साखर जास्त ठेवतात आणि त्या गोडीखाली द्राक्ष दबतं. शिराझ इथे मनापासून पिकते. तिला ओकच्या पिंपात इतकं मुरवू नये की लाकडाशिवाय काही लागूच नये. कॅबर्नेच्या मागे लागण्यात आपण बरीच वर्षं घालवली असं मला वाटतं. नाशिकच्या उन्हात तिची साखर पुरी होते तेव्हा टॅनिन कच्चं असतं. सर्वांत मोठी आशा मला फेसाळ वाइनकडून आहे. तिच्यासाठी द्राक्ष लवकर, आम्लता शाबूत असताना तोडतात. म्हणजे मार्चच्या उन्हाशी झुंज द्यावीच लागत नाही. मोएत हेनेसी कंपनीने शांदों या आपल्या फेसाळ वाइनसाठी दिंडोरी निवडली त्यामागे हा विचार असणारच.

आता वायनरीपासून ग्लासापर्यंतच्या वाटेवर येऊ.

मे महिन्यात भिवंडीकडे एका वितरकाच्या गोदामात गेले. वर पत्रे, एका टोकाला दोन पंखे. व्हिस्की, रम, बिअर, वाइन यांच्या पेट्या एकाच थप्पीत. दुपारी तीनला माझ्या खिशातला थर्मामीटर अडतीसच्या वर होता. वाइन साठवण्याचं योग्य तापमान बारा ते पंधरा अंश. रसायनशास्त्राचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं तर बिघाडाचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे अशा गोदामात वाइनचा एक महिना कितीतरी महिन्यांएवढा म्हातारा असतो. व्हिस्कीला यातलं काही होत नाही. तिच्यात मद्यार्क चाळीस टक्क्यांच्या वर असतो. वाइनमध्ये बारा ते चौदा, आणि त्याबरोबर आम्लं, रंग, सुगंध, गंधकाची थोडी राखण. ही राखण उष्णतेत लवकर संपते.

पुण्यातल्या एका दुकानात विचारलं की वाइन फ्रिजमध्ये का ठेवत नाही. मालक सज्जन होते. "मॅडम, फ्रिजमध्ये बिअरलाच जागा पुरत नाही. बिअरची पेटी एका संध्याकाळी जाते, वाइनची बाटली महिनाभर बसून राहते. फ्रिजचं बिल कोण भरणार?" त्यांच्या हिशोबात चूक नव्हती. वाइन वरच्या फळीवर, छताजवळ, दुकानातली सगळी ऊब जमा होते तिथे, ट्यूबलाइटच्या खाली उभी होती. पलीकडे काचेत सजावट म्हणून ठेवलेल्या बाटल्यांवर संध्याकाळचं ऊन येत होतं.

उन्हाचा आणि दिव्याचा वेगळा दोष असतो. पांढरी आणि गुलाबी वाइन हल्ली पारदर्शक काचेत भरतात, रंग दिसावा म्हणून. वाइनमधलं रायबोफ्लेविन प्रकाश शोषतं, त्यातून गंधकयुक्त संयुगं तयार होतात आणि वाइनला उकडलेल्या कोबीचा वास येतो. हिरव्या-तपकिरी काचेत हे खूप कमी होतं. ज्या वायनऱ्या सोव्हिन्यो पारदर्शक बाटलीत भरतात त्यांना मी दर वर्षी हे लिहून कळवते आणि लिहीत राहीन.

एका जोडीचं टिपण देते. पांढरी वाइन, एकच बॅच. वायनरीतून आलेल्या बाटलीत पेरू, लिंबाची साल, कापलेल्या गवताचा वास. तोंडात टोकदार, जेवणाची भूक चाळवणारी. दुकानातून मेअखेर घेतलेल्या बाटलीत शिजवलेलं सफरचंद, शिळ्या मधाची छटा. तोंडात सपाट, शेवटी किंचित कडू. पिशव्या उघडल्या नसत्या तर या दोन वेगवेगळ्या वायनऱ्यांच्या वाइन आहेत असं मी लिहिलं असतं. दुकानातली अशी बाटली एखाद्या घरात पहिल्यांदाच आली असेल, तर तिथल्या माणसाने ठरवलं असेल की नाशिकची वाइन अशीच लागते. पुन्हा तो तिच्या वाटेला जाणार नाही, आणि त्याचं कारण कुणाला कळणारही नाही.

आपल्याकडे वाइन बिघडते हे सहसा कुणाच्या गावीही नसतं, याचं एक कारण गोव्यात आहे असं मला वाटतं. अनेक मराठी घरांत पहिली वाइन शिरली ती गोव्याहून आणलेली गोड पोर्ट. बंगलोर ब्लू द्राक्षाची ही वाइन गोडी आणि वाढीव मद्यार्काच्या जोरावर उन्हात बरीच तग धरते. त्यातून समज झाला की बाटली कुठेही ठेवावी, कितीही ठेवावी, आणि जुनी तितकी चांगली. लग्नाच्या वाढदिवसाला भेट आलेली सोव्हिन्यो शोकेसमध्ये चार-चार वर्षं उभी असलेली मी पाहिली आहे. ती वर्षभरात, दीड वर्षात प्यायची असते.

हॉटेलांची तऱ्हा वेगळी. ग्लासावर विकायची बाटली शुक्रवारी उघडतात आणि मंगळवारी तिचा शेवटचा ग्लास देतात. लाल वाइन "रूम टेंपरेचर"ला द्यायची असा नियम पाठ असतो, पण तो थंड देशांतल्या खोल्यांचा नियम आहे. सोळा ते अठरा अंश हा त्याचा अर्थ. मुंबईच्या बत्तीस अंशांत शिराझमधून फक्त मद्यार्क वर येतो. मी लाल वाइनसाठीही बर्फाची बादली मागवते. शिकवणारे लोक आता आपल्याकडे आहेत. मुंबईच्या सोनल हॉलंड २०१६ साली 'मास्टर ऑफ वाइन' ही अत्यंत अवघड पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. शिकण्यासाठी वेटरला दोन दिवस मोकळं सोडायची तयारी मात्र मालकांची हवी.

वाइन वाटेत सगळीकडे गार ठेवणं अशक्य आहे, आपला देश उष्ण आहे, असं मला व्यापारातले लोक सांगतात. मग मी त्यांना पिंपळगाव बसवंतला घेऊन जायला तयार असते. याच जिल्ह्यातून खाण्याची द्राक्षं युरोपला जातात. सकाळी तोडलेला घड काही तासांत पॅकहाऊसमध्ये, तिथून प्रीकूलिंगला, मग शून्य अंशाच्या आसपासच्या शीतगृहात, मग थंड कंटेनरमधून न्हावा शेवा आणि समुद्रमार्गे रॉटरडॅम. कोणत्या बागेचा माल कोणत्या पेटीत आहे हे 'अपेडा' या निर्यात प्राधिकरणाच्या ग्रेपनेट प्रणालीत नोंदलेलं असतं. ज्या तालुक्यांना ही साखळी अंगवळणी पडली आहे, तिथूनच वाइनच्या पेट्या मे महिन्यात ताडपत्री बांधलेल्या साध्या ट्रकमधून दिवसाउजेडी निघतात. तंत्र आपल्याकडे आहे. डच ग्राहकाच्या द्राक्षासाठी ते वापरायचं आणि पुण्याच्या ग्राहकाच्या वाइनसाठी नाही, हे मला सहन होत नाही.

व्यापाराची रचनाही याला हातभार लावते. दारू हा राज्यांचा विषय, त्यामुळे प्रत्येक राज्य वाइनसाठी जणू वेगळा देश. लेबलाची नोंदणी, परवाना, शुल्क, सगळं नव्याने. मंजुरी येईपर्यंत माल कुठेतरी थांबून राहतो आणि जिथे थांबतो तिथे गारवा नसतो. दुकानदाराला वायनरीकडून दहा पेट्यांवर दोन फुकट अशा योजना मिळतात. मग तो गरजेपेक्षा जास्त उचलतो आणि बाटल्या फळीवर महिनोन्‌महिने राहतात. या योजनांवर जाणारा पैसा फ्रिजवर गेला तर दोघांचाही फायदा होईल. बाहेरची स्पर्धाही जवळ आली आहे. आयात वाइनवर १५० टक्के सीमाशुल्क होतं. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला आणि पाच डॉलरपेक्षा महाग बाटलीवरचं शुल्क १०० टक्क्यांवर आलं, पंधरा डॉलरच्या वरच्या बाटलीवर ७५ टक्क्यांवर. दहा वर्षांत ते अनुक्रमे ५० आणि २५ टक्के व्हायचं आहे. जो आपली वाइन ग्लासापर्यंत गार पोचवेल तो या स्पर्धेत टिकेल.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने शंभर चौरस मीटरहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मान्यता दिली. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, विरोध वाढला आणि निर्णय कागदावरच राहिला. त्या वादात "वाइन म्हणजे दारू नव्हे" असं बरंच बोललं गेलं. वाइन दारूच आहे. तिचं कितीही कमी प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केलं, आणि हृदयाच्या नावाने वाइन विकणाऱ्यांना मी कधी साथ दिली नाही. गावोगावी बाटली आडवी करण्यासाठी मतदानाला उभ्या राहिलेल्या बायकांनी दारूने काय होतं ते घरात पाहिलेलं आहे. त्यांच्या बोलण्याला कमी लेखण्याचा कुणाला अधिकार नाही. माझं म्हणणं इतकंच की जिथे वाइन विकायची परवानगी आहे, तिथे ती कशी ठेवायची याचीही अट परवान्यात असावी. औषधाच्या दुकानाला फ्रिज सक्तीचा आहे. वाइन विकणाऱ्यालाही असावा.

आणि समीक्षकांविषयी. वायनरीचं निमंत्रण, राहणं, जेवण, नमुन्यांची पेटी, महोत्सवाचा पास: हे घेऊन लिहिलेलं वाचकाला ओळखता येत नाही, म्हणून ते वाईट. पदकांचंही तसंच. बहुतेक स्पर्धांना वायनरी प्रवेश शुल्क भरून, स्वतः निवडलेल्या, जपून पाठवलेल्या बाटल्या देते. बाटलीवरची सोनेरी टिकली त्या बाटलीविषयी सांगते, तुमच्या हातातल्या बाटलीविषयी नाही. वाइनच्या इतिहासातली सर्वांत गाजलेली स्पर्धा पॅरिसमध्ये २४ मे १९७६ रोजी झाली. आयोजक स्टीव्हन स्पुरियर यांनी फ्रेंच परीक्षकांपुढे नावं झाकून ठेवलेल्या वाइनमध्ये कॅलिफोर्नियाच्या वाइन पहिल्या आल्या. त्या बाटल्या अमेरिकेतून पॅरिसला आल्या होत्या प्रवाशांच्या एका गटाबरोबर, त्यांच्या सामानातून, विमानाने. जहाजाच्या तापलेल्या तळात महिनाभर पडल्या असत्या तर निकाल काय लागला असता, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

वाचक नेहमी विचारतात, मराठी जेवणाबरोबर काय घ्यावं. तिखट आणि टॅनिन यांचं वैर आहे. मिरचीने लाल वाइन कडू आणि जळजळीत होते. नाशिकच्या काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर मऊ टॅनिनची, थोडी गार केलेली शिराझ चालते, जहाल लाल रस्सा असेल तर किंचित गोड शेनिन बरी. कोथिंबिरीच्या वडीबरोबर सोव्हिन्यो अशी जमते की दोन्हींची चव वाढते. तळलेल्या बोंबलाबरोबर, कोळंबीबरोबर फेसाळ वाइन घ्या. सोलकढी असेल तेव्हा वाइन बाजूला ठेवा. कोकमाचा आंबटपणा तिला टिकू देत नाही, आणि सोलकढीही स्वतंत्रपणे प्यायची गोष्ट आहे.

दुकानात गेल्यावर मागचं लेबल वाचा. बॅच क्रमांक आणि बाटली भरल्याचा महिना तिथे असतो. पांढरी वाइन दीड वर्षापेक्षा जुनी असेल तर सोडून द्या. शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत खरेदी करा, काचेतली सजावटीची बाटली घेऊ नका, फळीवरून काढून दिलेल्या बाटलीऐवजी आतल्या पेटीतली मागा. बुचाची बाटली असेल तर बूच वर सरकलंय का, झाकणाखाली चिकट ओघळ आहे का ते पाहा. तसं असेल तर ती तापलेली आहे. घरी नेल्यावर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवा. आणि वाइन शिजलेली निघाली तर ओतून गप्प बसू नका. लेबलावर ग्राहकांसाठी पत्ता आणि ईमेल छापलेला असतो; बॅच, गाव आणि खरेदीचा महिना लिहून वायनरीला कळवा. मी दर वेळी कळवते. काही उत्तर देत नाहीत. काहींनी दुकानाचं नाव विचारून माल बदलला. एकीने गेल्या उन्हाळ्यापासून एप्रिल आणि मे महिन्यातली रवानगी रात्रीच्या गाड्यांवर नेली आणि पुण्याच्या वितरकाकडे थंड खोलीची अट घातली. जूनमध्ये दुकानातून घेतलेल्या आणि वायनरीतून आलेल्या तिच्या बाटल्या मी शेजारी शेजारी चाखल्या आणि मला त्यांत फरक काढता आला नाही.